नववीचा वर्ग, केळीची बाग आणि वननोटमधली वही

विज्ञानाच्या वह्या तपासायला घेतल्या की त्या मुलांपासून चार-पाच दिवस तरी लांब राहतात. नववीच्या दोन तुकड्या, प्रत्येकीत पन्नासच्या आसपास मुलं. गठ्ठा घरी न्यायचा, रात्री स्वयंपाक आवरल्यावर एकेक वही उघडायची, लाल शेरे मारायचे आणि परत वाटायच्या. तोवर वर्गात पुढचा धडा सुरू झालेला असतो. मूल शेरा बघतं, सही बघतं आणि वही मिटतं. लिहिताना ते जिथे अडलं होतं तिथे मी पोचते, तेव्हा ते तिथून कधीच पुढे गेलेलं असतं. डिजिटल वहीकडे मी वळले ती या एका अडचणीमुळे. शाळेत काहीतरी आधुनिक दिसावं, असा हेतू तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

आमची शाळा जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातली. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि मधल्या पट्ट्यात नजर जाईल तिकडे केळी. निम्मी मुलं गावातल्या शेतकरी आणि शेतमजूर घरांतली, बाकीची पायथ्याच्या पाड्यांवरून एसटीने येणारी तडवी आणि पावरा मुलं. घरी कोणी लेवाबोली बोलतं, कोणी तडवी, कोणी पावरी. पुस्तकातली मराठी सगळ्यांनाच थोडी लांबची.

२०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा इतरांसारखं आम्हीही व्हॉट्सअ‍ॅपवर शिकवलं. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा अ‍ॅपवरचे व्हिडिओ बघायला सांगायचो आणि अभ्यासाचे फोटो गटावर मागवायचो. संध्याकाळी फोटोंचा नुसता पूर यायचा. आडवे, उलटे, अर्धे कापलेले, कुणाचा कोणता ते कळायचं नाही. मी एका मुलीला उत्तर लिहीपर्यंत तिचा फोटो वीस फोटोंच्या वर निघून जायचा. पण एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. वर्गात तोंड न उघडणारी काही मुलं मला रात्री स्वतंत्र मेसेज करून प्रश्न विचारत होती, आणि ते प्रश्न चांगले होते. शाळा पुन्हा भरली तेव्हा ती मुलं पुन्हा गप्प झाली. त्यांच्याशी चाललेलं ते बोलणं टिकवता येईल अशी जागा मला हवी होती, आणि ती फोटोंच्या ढिगात हरवणारी नको होती.

वननोटबद्दल मला जिल्ह्यातल्या एका प्रशिक्षणात कळलं. वननोट म्हणजे मायक्रोसॉफ्टचं वहीसारखं अ‍ॅप. पानावर कुठेही टाइप करा, बोटाने किंवा पेनाने लिहा, फोटो चिकटवा, आवाज रेकॉर्ड करा. शिक्षकांसाठी त्यात क्लास नोटबुक नावाची सोय आहे, आणि तिची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. एकाच वहीचे तीन भाग असतात. पहिल्या भागात शिक्षक लिहितात आणि मुलं फक्त वाचतात. तिथलं मुलांना खोडता येत नाही. दुसरा भाग सगळ्यांचा, तिथे कुणीही लिहावं. तिसऱ्या भागात प्रत्येक मुलाची आपापली वही, जी फक्त ते मूल आणि शिक्षक यांनाच दिसते. शेजारच्या बाकावरच्या मित्रालाही दिसत नाही. वर्गात आम्ही या तिघांना फळा, ओटा आणि माझी वही म्हणायला लागलो आणि तीच नावं रुळली.

यातला तिसरा भाग बघून मी ठरवलं की हे करून बघायचंच.

पण ठरवणं आणि होणं यात बराच काळ गेला. शिक्षणसंस्थांसाठीचं मायक्रोसॉफ्टचं मूळ खातं मोफत मिळतं. मात्र त्यासाठी आपण खरोखर शाळा आहोत हे सिद्ध करावं लागतं आणि शाळेच्या नावाचं स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, लागतं. मुख्याध्यापकांना डोमेन म्हणजे काय, त्याचे दरवर्षी पैसे का भरायचे, हे समजावताना आमच्या संगणकाच्या सरांचा घसा बसला. शेवटी मुख्याध्यापकांनी एकच प्रश्न विचारला, "मॅडम, याने पोरं जास्त लिहितील का?" मी म्हटलं, जास्त लिहितील की नाही ते बघू, पण लिहिलेलं माझ्यापर्यंत लवकर येईल. त्यांनी सही केली.

खाती तयार करण्याचं काम संगणकाच्या सरांनी केलं. हजेरी क्रमांकावरून वापरनावं ठेवली, कारण मुलांना आपलं नाव इंग्रजीत प्रत्येक वेळी एकसारखं लिहिता येईलच असं नाही. पासवर्ड प्रत्येकाने आपल्या कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्य नव्हे हे आम्हाला माहीत होतं, पण पहिल्या महिन्यात पासवर्ड विसरलेल्या मुलांची रांग सांभाळण्यापेक्षा ते बरं वाटलं. दिवाळीनंतर सगळ्यांनी पासवर्ड बदलले आणि झाकणावरच्या चिठ्ठ्या काढून टाकल्या.

मग आला मराठी लिहिण्याचा प्रश्न. याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडच्या शाळांत गाडी नेमकी इथेच अडते. माझ्याकडे गेल्या अनेक वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि टिपणं होती. गावातल्या टायपिंगवाल्याकडून करून घेतलेली, जुन्या फॉन्टमधली. ती वननोटच्या पानावर चिकटवली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसायचा. ते फॉन्ट युनिकोड नव्हते, म्हणजे अक्षर पडद्यावर मराठी दिसत असलं तरी आत साठवलेलं काहीतरी वेगळंच होतं. मी मोठ्या मुलांना हाताशी धरून निवडक टिपणं नव्याने टाइप करून घेतली. त्यासाठी विंडोजमधला मराठी फोनेटिक कीबोर्ड सुरू केला. रोमन अक्षरं दाबली की देवनागरी उमटतं, त्यामुळे मुलांना तो दोन तासिकांत जमला. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कीबोर्ड शास्त्रशुद्ध आहे आणि पुढे कामाला येतो, हे मला मान्य आहे. पण नववीच्या मुलाला आधी विज्ञान लिहायचं असतं, आणि बोटांचा सराव हा वेगळा विषय आहे. मोबाइलवर तर मुलं गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डवरून माझ्यापेक्षा वेगाने मराठी लिहितात.

ज्यांना टाइप करायचं नसेल त्यांनी कागदावर लिहावं, असं पहिल्याच दिवशी सांगितलं. वननोटच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये कागदाचा फोटो काढला की ते कडा ओळखून पान सरळ करून घेतं. आडव्या-उलट्या फोटोंचा त्रास तिथेच संपला. पाड्यावरच्या ज्या मुलांच्या घरी फोनच नव्हता, त्यांच्या कागदांचे फोटो मी किंवा वर्गातला दुसरा कुणी शाळेतच काढायचो आणि ते त्यांच्या वहीत जायचे. त्यामुळे फोन नाही म्हणून कुणी या वहीबाहेर राहिलं नाही. ही व्यवस्था आधी झाली नसती, तर मी हा उद्योग सुरूच केला नसता. ज्याच्याकडे साधन आहे त्याचंच शिक्षण पुढे जाणार असेल, तर त्यापेक्षा खडू-फळाच बरा.

ऑगस्टमध्ये सूक्ष्मजीवांचा धडा घेतला. पुस्तकातला क्रम बाजूला ठेवून मुद्दाम ऑगस्टमध्ये, कारण आमच्याकडे तेव्हा प्रयोगशाळा शेतातच भरलेली असते. जून-जुलैत लावलेली मृगबाग तेव्हा गुडघ्याएवढी होते आणि ढगाळ, रिमझिम पावसाळी हवेत हरण्या दिसायला लागतो. हरण्या म्हणजे सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक व्हायरस. काकडीवरून नाव पडलं असलं तरी केळीचं फार नुकसान करतो. गेल्या काही वर्षांत रावेर-यावल भागात कितीतरी शेतकऱ्यांनी त्यापायी उभी रोपं उपटून फेकली आहेत. ज्या मुलाच्या घरी हे घडलंय, त्याला विषाणू म्हणजे काय हे शिकवताना पुस्तकातलं चित्र दाखवणं मला पटत नाही.

मी एक पान तयार केलं आणि ते सगळ्यांच्या वहीत वाटलं. क्लास नोटबुकमध्ये एक बटण दाबलं की शिक्षकाच्या पानाची प्रत प्रत्येक मुलाच्या वहीत जाऊन पडते. पन्नास झेरॉक्स काढायला नकोत. मात्र पान नीट वाचूनच वाटावं लागतं, कारण एकदा वाटलं की ती प्रत मुलाची होते. मूळ पानात नंतर दुरुस्ती केली तरी वाटलेल्या प्रती बदलत नाहीत. पानावर एकच प्रश्न होता: तुमच्या किंवा शेजारच्या बागेतलं पिवळं पडलेलं पान शोधा, त्याचा फोटो किंवा चित्र लावा आणि ते का पिवळं पडलं असेल ते लिहा.

पुढचं जे घडलं ते एका मुलाच्या पानावरून सांगते. हा मुलगा वर्गात शेवटच्या बाकावर बसतो, हात वर करत नाही, घरची दोन एकर केळी आहे. त्याने फोटो लावला आणि खाली लिहिलं, "युरिया कमी पडला म्हनून पिवये पडले." मी त्या संध्याकाळी घरी लॅपटॉप उघडला, त्याचं पान उघडलं, आणि समासात लाल शाईने लिहिलं: "आधी जुनी पानं पिवळी पडली की नवी?" बस्स, एवढंच. चूक असं लिहिलं नाही, गुण दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत त्याचं उत्तर आलं होतं: "नवी. पोंग्यातून निघतानाच पट्टे होते." पोंगा म्हणजे केळीच्या शेंड्यातलं गुंडाळलेलं नवं पान. सोबत दुसरा फोटो. त्यात कोवळ्या पानावर तुटक-तुटक पिवळसर रेषा स्पष्ट दिसत होत्या. मग मी फळ्यावरच्या भागात सगळ्यांसाठी दोन ओळी लिहिल्या. युरियातून मिळणारं नत्र झाडाच्या आत इकडून तिकडे जाऊ शकतं. ते कमी पडलं तर झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून जुनी पानं आधी पिवळी पडतात. आणि त्याच्या पानावर लिहिलं: "मग युरिया कमी पडला हे तुझं कारण टिकतं का?"

त्याने लिहिलं, "नाही टिकत." आणि खाली स्वतःहून एक प्रश्न: "पन लोहाची कमी असली तरी नवीच पानं पिवयी होतात ना? आमच्या शेतात चुनखडी आहे."

हे उत्तर वाचताना मला शिक्षक असण्याचा खरा आनंद झाला. लोह झाडात सहजी हलत नाही, त्यामुळे त्याची कमतरता नव्या पानांवर आधी दिसते. आणि चुनखडीच्या जमिनीत ते मुळांना मिळणं अवघड जातं. हे त्याला कुणी तरी शेतावर सांगितलं होतं, बहुधा कृषी केंद्राच्या दुकानात ऐकलं असेल, आणि ते त्याने योग्य जागी आणून ठेवलं. वर्गात पन्नास जणांसमोर तो हे बोलला नसता. मी विचारलं, "मग विषाणू की लोह, कसं ठरवशील?" त्याने वडिलांना घेऊन बाग पाहिली आणि लिहिलं की पिवळी झाडं एकाच पट्ट्यात नाहीत, इकडे एक तिकडे एक अशी विखुरलेली आहेत, आणि एका झाडाचा पोंगा सडायला लागलाय. जमिनीतली कमतरता असती तर शेजारशेजारची झाडं एकत्र पिवळी दिसली असती, हे त्याचं म्हणणं. पोंगा सडणं हे सीएमव्हीचं बळावलेलं लक्षण आहे, ते मी त्याला सांगितलं. त्याच्या वडिलांनी ती झाडं कंदासकट उपटून शेताबाहेर नेऊन जाळली. या रोगावर औषध नाही. रोगट झाड काढणं आणि तो पसरवणाऱ्या मावा किडीला आवर घालणं एवढंच हातात असतं. पिवळे चिकट सापळे लावा, बागेत आणि बांधावर काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो, वांगी घेऊ नका आणि तण वाढू देऊ नका, हा कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला त्या मुलाला आता तोंडपाठ आहे. आणि का, ते माहीत आहे: ही सगळी झाडं त्याच विषाणूला आसरा देतात.

हा सगळा संवाद आजही त्याच्या वहीत ओळीने दिसतो. युरियापासून विषाणूपर्यंत त्याचा विचार कसा सरकत गेला ते वाचता येतं. कागदी वहीत मला शेवटचं उत्तर तेवढं दिसलं असतं.

इथे एक गोष्ट मनात येते, ती सांगून टाकते. आमच्या खान्देशात मुलांशी लेखणीने बोलण्याची रीत जुनी आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते. तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढत. दिवसभर शिकवून पुन्हा मुलांसाठी पानं लिहायची, यात किती ओढ असेल ते शिक्षकालाच कळतं. मी त्यांची बरोबरी करायला बसलेली नाही. पण रात्री पडद्यावर एकेका मुलाच्या पानात लिहिताना आपण काही वेगळंच करतोय असं मला कधी वाटलं नाही.

आता ओट्याचं, म्हणजे सगळ्यांच्या भागाचं सांगते. प्रशिक्षणात याच भागाचं सर्वांत जास्त कौतुक ऐकलं होतं. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात तिथे गोंधळ उडाला. मोठ्या गटासाठी एकच पान होतं आणि त्यावर सगळे एकदम लिहीत होते. कुणी दुसऱ्याच्या ओळीवर फोटो टाकला, कुणी मित्राचं लिहिलेलं पुसून गंमत केली. दोन मुलांनी घरी नेट नसताना एकाच परिच्छेदात बदल केले होते. नेट आल्यावर वननोटला ठरवता येईना की कोणता ठेवायचा, आणि त्याने दोन्ही वेगवेगळे दाखवले. पुसलेलं परत मिळालं, कारण पानाच्या जुन्या आवृत्त्या वहीत साठवलेल्या असतात आणि कुणी केव्हा काय लिहिलं तेही दिसतं. ते मी सगळ्या वर्गाला प्रोजेक्टरवर दाखवलं. लिहिलेल्या ओळीशेजारी लिहिणाऱ्याचं नाव राहतं, हे दिसल्यावर पुसापुशीची गंमत आपोआप थांबली. कुणाला रागावावं लागलं नाही.

त्यानंतर आम्ही ओट्यावर दर गटाचा स्वतंत्र विभाग केला, एका गटात चार-पाच मुलं. शिक्षकाला विभागवार परवानगी देता येते, त्यामुळे प्रत्येक गट आपापल्या विभागातच लिहितो. पानावर मी एक तक्ता द्यायचे आणि प्रत्येकाची ओळ ठरलेली असायची. एका गटाने मृगबाग आणि कांदेबाग यांची तुलना केली: जून-जुलैची लागवड आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची लागवड, दोघींवरचे रोग, पाणी, घड येण्याचा काळ. एकीने ठिबकच्या नळ्यांचं चित्र काढलं, एकाने बाजारभाव लिहिले, आणि एका मुलीने आपल्या आजोबांचा आवाज रेकॉर्ड करून पानावर ठेवला. टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची, ग्रँड नैन केळी येण्याआधी बसराई आणि श्रीमंती या वाणांची लागवड कशी व्हायची, कंद कुठून आणायचे, सावद्याच्या स्टेशनातून केळी रेल्वेने कशी जायची, ते आजोबा लेवाबोलीत सांगतात. ती फीत वर्गात लावली तेव्हा पाड्यावरच्या मुलांनीही कान टवकारले, कारण बोलीतला माणूस वर्गात पहिल्यांदाच बोलत होता. पुढच्या आठवड्यात एका पावरा मुलाने आपल्या आईचा आवाज आणला, डोंगरातल्या रानभाज्यांविषयी. तो मला कळायला त्याच्याकडूनच अर्थ विचारावा लागला, आणि तो अर्थ त्याने पानावर मराठीत लिहिला. त्याच्या वहीतलं ते सर्वांत मोठं लिखाण आहे.

तरीही माझं मत सांगायचं तर, गटाच्या पानापेक्षा मुलाची स्वतःची वही जास्त मोलाची. गटात आपल्याकडे हुशार समजलेलं मूल लिहितं आणि बाकीचे मान डोलावतात. पडदा आला म्हणून ही सवय जात नाही. ती जाते तेव्हा, जेव्हा प्रत्येकाने आधी आपल्या वहीत विचार केलेला असतो आणि काहीतरी घेऊन तो गटात येतो. म्हणून आम्ही क्रम तसा ठेवला. आधी एकट्याने आपल्या वहीत, मग गटात. वेळ जास्त लागतो, आणि तो द्यावा लागतो.

वीज आणि नेट यांच्याबद्दल थोडक्यात. शाळेच्या संगणककक्षात एकाच संगणकावर दिवसभरात वेगवेगळी मुलं बसतात, म्हणून तिथे आम्ही ब्राउझरमधलं वननोट वापरतो: आपल्या खात्यातून आत या, काम करा, बाहेर पडा. लिहिलेलं लगेच साठवलं जातं, पण नेट नसेल तर हात बांधले जातात. फोनवरच्या अ‍ॅपचं उलट. एकदा वही उघडलेली असली की नेट नसतानाही लिहिता येतं आणि नेट आलं की ते आपोआप वर जातं. त्यामुळे पाड्यावरची मुलं घरी लिहितात आणि गावात एसटीतून उतरली की त्यांची पानं माझ्याकडे येतात. मोबाइलचे फोटो फार जड असतात, ते लहान करून टाकायला मुलांना शिकवावं लागलं. नाहीतर एका फोटोत दिवसाचा डेटा संपायचा. वीज गेलेल्या तासिकेत कागद असतोच. कागद आणि डिजिटल वही यांच्यात आमच्याकडे भांडण नाही.

पालकांची काळजी मात्र खरी होती आणि ती ऐकून घ्यावी लागली. एका आईने सभेत सांगितलं, "मॅडम, तुम्ही अभ्यासाला मोबाइल द्या म्हणता, अन् पोरगं रात्री बारापर्यंत त्यात तोंड घालून बसतं." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. आम्ही ठरवलं की वहीचं कोणतंही काम रात्री आठनंतर करायचं नाही, आणि मी मुलांच्या पानावर लिहिलेलं त्यांनी दुसऱ्या दिवशी शाळेतच वाचायचं. मुलींच्या बाबतीत आणखी एक पथ्य पाळलं. सगळ्यांच्या भागात कुणीही आपला किंवा घरच्यांचा फोन नंबर, घराचा पत्ता किंवा चेहऱ्याचा फोटो टाकायचा नाही. शेतीचा, पानाचा, हाताचा फोटो चालतो. पालकांना मुलाची वही बघायची असेल तर ते केव्हाही शाळेत येऊन बघू शकतात; काही वडील आलेही, आणि त्यातल्या एकाने आपल्या मुलाच्या पानावरचं हरण्याबद्दलचं सगळं वाचून विचारलं, "हे तुम्ही शिकवलं की यानं?" मी म्हटलं, अर्धं त्याने तुमच्याकडून आणलं.

शिक्षकाच्या वेळेबद्दल खरं सांगायला हवं, कारण हे वाचून कुणी सुरू करणार असेल तर त्याला ते माहीत असावं. वह्यांचा गठ्ठा घरी नेणं संपतं, पण काम कमी होत नाही. रोज थोडं थोडं होतं. शंभर मुलांच्या वहीत रोज लिहिणं कुणालाही शक्य नाही. मी तुकडीचे पाच भाग केलेत. एका दिवशी एका भागाची पानं उघडते. क्लास नोटबुकमध्ये एकाच पानाच्या सगळ्या मुलांच्या प्रती एकामागोमाग उघडत जाण्याची सोय आहे, त्यामुळे वेगवेगळी वही शोधत बसावं लागत नाही. आणि मी शेरा असा लिहायचा बंद केलाय. प्रश्न लिहिते. शेऱ्याने मूल थांबतं, प्रश्नाने ते पुन्हा शेतात जातं.

गुणांसाठी ही वही वापरू नये, असं मला ठामपणे वाटतं. सहामाहीच्या आधी वरिष्ठांकडून सूचना आली होती की अंतर्गत मूल्यमापनाचे गुण या पानांवर द्यावेत म्हणजे नोंद राहील. मी नम्रपणे सांगितलं की नोंद हवी असेल तर पानं दाखवते, पण त्यावर आकडा लिहिला की "नाही टिकत" असं मुलं लिहिणार नाहीत. त्यांनी ते ऐकलं.

वर्ष संपताना शेवटचा प्रश्न येतो तो मुलं शाळा सोडून जातात तेव्हाचा. खातं शाळेचं असल्यामुळे दहावीनंतर ते बंद होतं आणि त्यासोबत वहीही. म्हणून मे महिन्यात संगणकाचे सर प्रत्येक मुलाच्या वहीची पीडीएफ काढून देतात. ज्यांच्याकडे पेनड्राइव्ह नाही त्यांना निवडक पानं छापून. पीडीएफमध्ये आजोबांचा आवाज येत नाही, म्हणून आवाजाच्या फायली वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात, हे पुढच्यांनी लक्षात ठेवावं. मुलांची परवानगी घेऊन काही पानं आम्ही नव्या नववीच्या फळ्यावर ठेवतो, नाव काढून. यंदा हरण्याचं ते पान तिथे आहे. युरियाचं पहिलं उत्तर, समासातला प्रश्न, चुनखडीची शंका, सगळं जसंच्या तसं. नव्या मुलांना मी ते पहिल्या दिवशी वाचायला देते आणि जूनमध्येच विचारून ठेवते की तुमच्या बागेत यंदा कोणती लागवड आहे आणि बांधावर काय लावलंय. ऑगस्टपर्यंत त्यांच्या वहीत दोन महिन्यांच्या नोंदी झालेल्या असतात.